हूड घेण्यापूर्वी : संरक्षण कोणाचे करावयाचे आहे?

आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी शेड्यूल टी २००० साली लागू झाले, २००३ साली त्यात सुधारणा झाली आणि तेव्हापासून फार्मसीच्या नकाशात ‘गुणवत्ता नियंत्रण विभाग’ नावाची एक खोली कायमची दाखल झाली. पुढे २००५ साली केंद्रीय आयुष विभागाने केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून अनिवार्य केली. शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या मर्यादा आज आपल्यापैकी पुष्कळांना तोंडपाठ आहेत. या दोन घटनांनी आपल्या व्यवसायात प्रयोगशाळा आणली. तिच्याबरोबर मफल फर्नेस आली, वॉटर बाथ आला, टीएलसीचे साहित्य आले, आणि कोटेशनच्या कुठल्या तरी ओळीत ‘हूड, नग १’ असेही येऊन बसले.

प्रस्तुत लेख त्या एका ओळीविषयी आहे. तराजू घेताना आपण त्याची क्षमता विचारतो, भट्टी घेताना तिचे कमाल तापमान विचारतो; हूड मात्र नावावर आणि मापावर घेतला जातो. चार फुटी की सहा फुटी, एवढाच काय तो प्रश्न होतो. ज्वर म्हटल्याबरोबर दोषविचार न करता हाताला येईल तो कल्प देणाऱ्या वैद्याला आपण जे म्हणू, तेच या खरेदीविषयी म्हणावे लागेल. फरक इतकाच, की येथे त्याचे परिणाम रुग्णाला नव्हे, तर आपल्याच प्रयोगशाळेत आठ तास उभ्या राहणाऱ्या बी.एस्सी. झालेल्या मुलाला किंवा मुलीला आणि खलापाशी बसणाऱ्या कामगाराला भोगावे लागतात.

पेटी सारखी, वाऱ्याची दिशा वेगळी

हूड या एका शब्दाखाली बाजारात निदान चार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. बाहेरून त्या सारख्याच भासतात. पांढऱ्या पत्र्याची अथवा स्टीलची पेटी, पुढे काच, आत दिवा आणि पंख्याचा आवाज. परंतु एकीतील हवा काम करणाऱ्यापासून दूर ओढली जाते, तर दुसरीतील हवा त्याच्या तोंडावर येते. म्हणून खरेदीपूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : मला संरक्षण कोणाचे करावयाचे आहे? माणसाचे, नमुन्याचे, की दोघांचे?

फ्यूम हूड माणसाचे संरक्षण करतो. खोलीतील हवा पुढील उघड्या भागातून आत ओढली जाते, आतील वाफ व धूर घेऊन ती नळीवाटे छपराबाहेर जाते आणि परत येत नाही. नमुन्याच्या शुद्धतेशी त्याला कर्तव्य नाही. खोलीतील धूळ त्यात खुशाल जाईल. आम्ले तापविणे, क्लोरोफॉर्मने अल्कलॉइड काढणे, हेक्झेनचे सॉक्सलेट रात्रभर चालविणे, टीएलसीच्या काचेवर अॅनिसाल्डिहाइड आणि गंधकाम्लाचा फवारा मारणे, ही सर्व कामे येथली.

लॅमिनार एअर फ्लो नमुन्याचे संरक्षण करतो, माणसाचे मुळीच नाही. तो खोलीतील हवा घेतो, हेपा फिल्टरमधून गाळतो आणि ती निर्जंतुक हवा पेट्री डिशवरून वाहवत पुढे सोडतो. आडव्या प्रवाहाच्या यंत्रात ती थेट काम करणाऱ्याच्या छातीवर व तोंडावर येते. उभ्या प्रवाहाच्या यंत्रात वरून खाली येऊन बहुतांशी पुढच्याच उघड्या भागातून बाहेर पडते. माध्यम ओतणे, निर्जंतुक द्रव्ये हाताळणे यासाठी हे यंत्र उत्कृष्ट आहे. परंतु त्याच्यासमोर जे उघडाल ते तुमच्या नाकाशी येणार, हे त्याच्या रचनेतच आहे.

तिसरी वस्तू बायोसेफ्टी कॅबिनेट. तिच्या तीन श्रेण्या आहेत आणि आपल्या उपयोगाची ती दुसरी. तिच्यात पुढून हवा आत ओढली जाते, त्यामुळे माणूस सुरक्षित राहतो. वरून गाळलेली हवा खाली येते, त्यामुळे नमुनाही सुरक्षित राहतो. सूक्ष्मजीव चाचणीत ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस, स्यूडोमोनास यांचा शोध घ्यावा लागतो आणि तुलनेसाठी त्यांची जिवंत संवर्धने प्रयोगशाळेत ठेवावी लागतात. साल्मोनेलाची नळी आडव्या लॅमिनारसमोर उघडणे म्हणजे तिचे कण स्वतःच्या चेहऱ्यावर फुंकून घेणे होय. जेथे ही संवर्धने हाताळली जातात तेथे दुसऱ्या श्रेणीचेच कॅबिनेट हवे. मात्र त्यातील प्रचलित ए-२ प्रकारात सुमारे ७० टक्के हवा आतल्या आत पुन्हा फिरते. त्यामुळे त्यात द्रावकांच्या बाटल्या उघडण्याचा मोह टाळावा. ज्वालाग्राही वाफ साठत गेली तर पंख्याच्या मोटरची एक ठिणगी पुरते.

येथे हेपा फिल्टरविषयी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो अडवितो, हे वाचून मालकांचा समज होतो की एवढे सूक्ष्म अडविणारा फिल्टर आम्लाची वाफही अडवील. कण आणि वायू या भिन्न गोष्टी आहेत. वस्त्रगाळ चूर्ण करताना कापड भरड अडविते, गंध अडवीत नाही. तोच न्याय येथे लागू पडतो. नायट्रिक आम्लाचा धूर, क्लोरोफॉर्म, पाऱ्याची वाफ हेपामधून निर्वेध पार होतात.

पश्चिम महाराष्ट्रातील एका फार्मसीत, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, मी लॅमिनारमध्ये नायट्रिक आम्लाने चूर्णाचे पाचन चालू असलेले पाहिले आहे. समजूत अशी, की काच आहे, पंखा आहे, म्हणजे हूडच. फिल्टरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या खाऊन गेल्या होत्या, स्टीलवर गंज चढला होता, आणि ते काम करणारी मुलगी तोंडावर ओढणी बांधून बाजूला तोंड वळवून उभी होती. यंत्र नवे असताना ते किती महागडे आहे हे मालकांनी सर्व पाहुण्यांना सांगितले असणार. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु नायट्रिक आम्लाच्या तांबूस धुरातील नायट्रोजन डायॉक्साइड हा फसवा वायू आहे. त्या वेळी थोडा खोकला, डोळ्यांची आग, एवढेच होते. माणूस घरी जातो, जेवतो, आणि कित्येक तासांनंतर फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडू लागतो. वैद्याला तेव्हा दुपारच्या कामाची आठवण कोणी करून देईलच असे नाही.

नाकावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. शिशाच्या मर्यादा चाचणीत हायड्रोजन सल्फाइड वापरला जात असेल, तर त्याचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रारंभी येतो, आणि प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर होऊन वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा माणूस त्याच वेळी अधिक धोक्यात असतो. आर्सेनिकच्या चाचणीत जस्त व आम्लामुळे आर्सीन वायू तयार होतो. वनस्पतिज नमुन्यात तो अत्यल्प असतो. परंतु हरताळ, मनःशिला किंवा सोमल असलेल्या कल्पाचा नमुना पुरेसा विरल न करता त्याच बाटलीत घातला तर गोष्ट वेगळी होते. ही चाचणी फ्यूम हूडबाहेर होता कामा नये.

पारा आणि कोळसा

चौथी वस्तू म्हणजे विना-नळीचा हूड. विक्रेत्यांचा सध्या यावर विशेष जोर दिसतो, कारण तो विकणे सोपे आहे. भिंत फोडावयास नको, छपरावर नळी न्यावयास नको, भाड्याच्या गाळ्यातही बसतो. त्यात सक्रिय कोळशाचा फिल्टर असतो; वाफ कोळशात शोषली जाते आणि हवा खोलीतच परत सोडली जाते. मोजक्या, ठरलेल्या द्रावकांचे अल्प काम असेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलला जात असेल तर हा हूड वापरण्यास हरकत नाही. परंतु आपल्या प्रयोगशाळेत आज मिथेनॉल, उद्या आम्ल, परवा फॉर्मिक आम्ल अशी सरमिसळ असते, आणि एकच कोळसा सर्वांना पुरत नाही. शिवाय कोळसा भरला हे डोळ्यांना दिसत नाही. भरलेला फिल्टर लावून पंखा चालू ठेवणे म्हणजे खोलीतील वाफ खोलीतच घुसळणे.

रसकल्प करणाऱ्यांनी तर याबाबत दुप्पट सावध असावे. साध्या सक्रिय कोळशावर पाऱ्याची वाफ धड टिकत नाही. त्यासाठी गंधकाने किंवा आयोडीनने संस्कारित केलेला कोळसा लागतो. गंधक पाऱ्याला बांधतो, त्याचा पारद-गंधक संयोग होतो आणि वाफ अडकते. कज्जली करणाऱ्या आपल्या परंपरेला हे तत्त्व नवे नाही. पाश्चात्य अभियंत्याने फिल्टरमध्ये कज्जलीच करून ठेवली आहे असे म्हटले तरी चालेल. विक्रेत्याला मात्र हा प्रश्न विचारून पाहा. ‘आमचा कोळसा सर्व काही शोषतो’ असे उत्तर आले तर नमस्कार करून त्याला निरोप द्यावा.

पाऱ्याची वाफ रंगहीन व गंधहीन असते. २० अंश सेल्सिअसला बंद जागेत पारा उघडा राहिला तर एका घनमीटर हवेत सुमारे १३ मिलिग्रॅम वाफ मावू शकते. ३० अंशांना हे प्रमाण दुपटीच्याही पुढे जाते. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने आठ तासांच्या कामासाठी सुचविलेली मर्यादा आहे ०.०२५ मिलिग्रॅम. म्हणजे वैशाखातील दुपारी, भट्टी न पेटवताही, केवळ खलात पारा उघडा ठेवून आणि खिडक्या लावून बसले, तर मर्यादेच्या कित्येक पट वाफ साचू शकते. हात कापणे, हिरड्या सुजणे, लाळ सुटणे, विनाकारण चिडचीड होणे ही लक्षणे सावकाश येतात आणि कामगाराच्या व्यसनाच्या किंवा वयाच्या खाती सहज जमा केली जातात.

रसशाळेतील धूर

काही ज्येष्ठ रसवैद्य म्हणतील, आमच्या गुरूंनी आयुष्यभर उघड्यावर रसकर्म केले, त्यांना हूड लागला नाही. या आक्षेपाला हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याचे अर्धे उत्तर त्यातील ‘उघड्यावर’ या शब्दात आहे. लाकूडफाट्याची किंवा शेणीची भट्टी घरात पेटविणे शक्यच नव्हते; ती अंगणात किंवा मोकळ्या पडवीत असे आणि वारा आपले काम करी. आज वालुकायंत्राची जागा विजेच्या उभ्या भट्टीने घेतली आहे. तिचा धूर होत नाही म्हणून ती निमूटपणे आत आली, औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या गाळ्यात किंवा महाविद्यालयाच्या तळमजल्यावरील खोलीत. भट्टीचा धूर गेला, कूपीचा धूर तेथेच राहिला. आपली कर्मपद्धती तीच राहिली आणि सभोवतालची हवा बदलली, हे आपल्या ध्यानात आले नाही.

दुसरे अर्धे उत्तर यंत्रांत आहे. डमरूयंत्र, विद्याधरयंत्र, ऊर्ध्वपातनाच्या हंड्या, यांचे संधी कापडमातीने किती कसोशीने बंद करावेत याचे मार्गदर्शन आपल्या ग्रंथांत आहे. हेतू पारद वाया जाऊ नये हा असेल. परिणाम असा, की वाफ उगमापाशीच कोंडली जाते. वायुवीजनाचे आजचे शास्त्र नेमके हेच सांगते : प्रथम वाफ उगमापाशी अडवा, उरलेली हुडाने ओढा. रसरत्नसमुच्चयात रसशाळेचे वर्णन करताना अग्निकर्म आग्नेयेस, क्षालन पश्चिमेस आणि शोषण वायव्येस सांगितले आहे. दिशांच्या कारणांविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु अग्नी, पाणी आणि वाळवण यांची गर्दी एका कोपऱ्यात करू नये, एवढा अर्थ घेण्यास कोणाची हरकत नसावी.

कूपीपक्व रसायनांची गोष्ट स्वतंत्र आहे. रससिंदूर किंवा मकरध्वज करताना गंधक जळेपर्यंत कूपीचे मुख उघडे ठेवावेच लागते, आणि गळ्यात साचलेला गंधक तप्त शलाकेने मोकळा करणारा माणूस नेमका त्या मुखावर वाकलेला असतो. गंधकाचा धूर, सल्फर डायॉक्साइड आणि त्याबरोबर निसटणारी थोडीबहुत पाऱ्याची वाफ, हे सर्व त्याच्या वाट्याला येते. येथे सर्वसाधारणपणे भट्टीवर टांगलेली पत्र्याची छत्री बसविली जाते. तिला कॅनॉपी हूड म्हणतात. उष्णता आणि वाफारा बाहेर घालविण्यास, आसवारिष्टाच्या क्वाथाच्या कढईवर, ती उत्तम. परंतु विषारी धुरासाठी ती चुकीची, कारण धूर कूपीतून निघून छत्रीपर्यंत जाताना मध्ये माणसाचे डोके असते. भट्टीला तीन बाजूंनी उष्णतारोधक भिंती हव्यात, पुढे वर-खाली सरकणारी काच हवी, ओढ मागच्या बाजूने हवी आणि शलाका पुढून आत जाईल एवढीच फट हवी. अशी तयार वस्तू दुकानात मिळत नाही. स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घ्यावी लागते. प्लॅस्टिकची नळी या ठिकाणी उष्णतेने वितळेल, तेथे स्टीलच हवे. उलट आम्लाच्या हुडासाठी साधा जस्तलेपित पत्रा चालत नाही. दोन पावसाळ्यांत त्याची चाळण होते. तेथे पीव्हीसी किंवा फायबरची नळी घ्यावी.

भल्लातक शोधनाचा धूर, वत्सनाभ व कुचला यांचे चूर्ण करताना उडणारी धूळ, हाही याच विषयाचा भाग आहे. धुळीसाठी उगमाशी जोडलेली ओढ आणि पिशवी-फिल्टर लागतो. लॅमिनारसमोर वत्सनाभाचे चूर्ण तोलणे हा प्रकार कोठे चालत असल्यास तो आजच बंद करावा.

हवेचा हिशोब

योग्य प्रकारचा हूड निवडला तरी तो चालेलच असे नाही. फ्यूम हुडाच्या उघड्या भागातून आत जाणाऱ्या हवेचा वेग मिनिटाला ८० ते १०० फूट असावा लागतो. कमी असेल तर धूर बाहेर येतो. फार जास्त केला, म्हणजे १५० च्या पुढे नेला, तरी आत भोवरे तयार होऊन धूर बाहेर फेकला जातो; तेव्हा ‘मोठा पंखा बसवा’ हा सल्ला प्रत्येक वेळी शहाणपणाचा नसतो.

आता हिशोब पाहा. चार फूट रुंद हूड आणि काच दीड फूट वर, म्हणजे सहा चौरस फूट उघडा भाग. १०० फूट वेगाने मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर जाणार. आपली गुणवत्ता नियंत्रणाची खोली १० बाय १५ फूट आणि उंची १० फूट धरली तर तिच्यात सारी १,५०० घनफूट हवा आहे. अडीच मिनिटांत खोलीभर हवा बाहेर! ती परत कोठून येणार? खोली बंद, खिडकीला काच ठोकून बसविलेली, वर स्प्लिट एसी. हा एसी आतलीच हवा थंड करून फिरवितो, बाहेरची एक घनफूटही आणत नाही. मग पंखा नुसता घरघरतो, काचेपाशी वेग पडतो आणि हूड शोभेचा होतो. खोलीचे दार उघडताना ते ओढून धरल्यासारखे जड लागत असेल तर खोलीला हवा कमी पडते आहे असे समजावे. दाराच्या खालच्या अर्ध्या भागात जाळी किंवा समोरच्या भिंतीत फिल्टर लावलेला झरोका, एवढ्यानेही पुष्कळ काम होते. एसीचे बिल वाढेल हे खरे. ते हुडाच्या किमतीत धरावे.

हूड दाराशेजारी, खिडकीसमोर किंवा छताच्या पंख्याखाली ठेवू नये. शेजारून सहज चालत जाणाऱ्या माणसाचा वेगही हुडात शिरणाऱ्या हवेच्या वेगाहून अधिक असतो आणि धूर त्याच्यामागून बाहेर ओढला जातो. पंख्याची मोटर नळीच्या छपराकडील टोकाला असावी, म्हणजे नळीत सर्वत्र ओढ राहते आणि एखादा सांधा सुटला तरी धूर खोलीत न येता खोलीची हवा नळीत जाते. नळी छपरापासून निदान १० फूट वर न्यावी. पावसासाठी तिच्यावर टोपी घालण्याची आपल्याकडे रीत आहे. या टोपीमुळे धूर खाली वळून पुन्हा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत येतो. कोकणातल्या पावसाची चिंता असेल तर टोपीऐवजी नळीच्या तळाशी पाणी निथळण्याची तोटी ठेवावी.

आम्लांपैकी परक्लोरिक आम्लाविषयी एकच सांगतो. त्याची वाफ नळीत थंड होऊन क्षार साठतात आणि ते आघाताने, घर्षणाने स्फोट पावू शकतात. त्यासाठी आतून पाण्याने धुतला जाणारा स्वतंत्र हूड लागतो. असा हूड आपल्या छोट्या प्रयोगशाळांत मला कोठे आढळला नाही. तेव्हा जुन्या पद्धतीत परक्लोरिक लिहिले असल्यास ती पद्धत बदलावी. नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी, अथवा बंद भांड्यातील मायक्रोवेव्ह पाचनाने काम भागते. मात्र मायक्रोवेव्हची भांडी थंड झाल्यावर उघडावयाची ती हुडातच.

योग्य हुडालाही मर्यादा आहेत. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरी हाताळीत होत्या. फ्यूम हूड होता, तो चालू होता, हातात लेटेक्सचे मोजे होते. मोज्यावर पडलेले थोडे थेंब त्यातून पार होऊन त्वचेत गेले आणि जून १९९७ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. ते द्रव्य आपल्या रसशाळेत नसते, हे मान्य. परंतु हूड श्वासाचे रक्षण करतो, त्वचेचे नाही, हे वेगळे शिकविण्यास दुसरे उदाहरण लागू नये.

खर्च आणि दाखवेगिरी

खरी अडचण पैशाची आहे असे म्हटले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. पाहणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे, निर्यातीच्या ग्राहकापुढे चकचकीत लॅमिनार छान दिसतो. छपरावर जाणारी पीव्हीसीची नळी कोणी कौतुकाने पाहत नाही. म्हणून आपल्याकडे नमुन्याच्या संरक्षणाचे यंत्र आधी येते आणि माणसाच्या संरक्षणाचे नंतर, किंवा येतच नाही. ज्या फार्मसीत आम्ल, द्रावक किंवा पारा हाताळला जातो तेथे पहिली खरेदी नळीच्या फ्यूम हुडाचीच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सूक्ष्मजीव चाचणी तोपर्यंत बाहेरून करून घेता येते.

ज्यांना नळी नेण्यास जागाच नाही त्यांनी विना-नळीच्या हुडाची पळवाट शोधण्याऐवजी आम्लाचे पाचन आपल्याकडे करूच नये. शेड्यूल टीने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करून घेण्याची मुभा दिली आहे. महिन्याकाठी पाच-सात नमुने असणाऱ्या फार्मसीने जड धातूंचे काम बाहेर द्यावे आणि आपल्या खोलीत ओळख, आर्द्रता, भस्म-मूल्य, सत्त्वमान, पीएच एवढे नीट करावे. त्यात कमीपणा काही नाही. रसकल्पांचे मात्र असे बाहेर देता येत नाही. ज्याला पारा हवा त्याने त्याच्या हवेचीही व्यवस्था केली पाहिजे.

खरेदीची मागणी लिहिताना ‘हूड, नग १’ एवढे न लिहिता त्यात आपण काय काय तापविणार, किती, आणि दिवसाला किती तास, याची यादी द्यावी. दीड फूट काच उघडी असता मिनिटाला १०० फूट वेग आमच्या जागी, आमच्या नळीवर मोजून दाखविल्यावरच शेवटचे देयक दिले जाईल, असे वाक्य त्यात घालावे. या एका वाक्याने निम्मे विक्रेते गळतात असा अनुभव आहे. त्यांच्या कारखान्यात मोजलेला वेग आपल्या उपयोगाचा नसतो. बायोसेफ्टी कॅबिनेट व लॅमिनार यांच्या फिल्टरची गळती वर्षातून एकदा तपासून घेण्याचा करारही त्याच वेळी करावा.

बसविल्यानंतर महिन्यातून एकदा उदबत्ती पेटवून काचेच्या खालच्या कडेपाशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी. आतील द्रावके त्यापूर्वी अर्थातच बाहेर काढावीत. धूर सर्वत्र सरळ आत गेला तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात तो घुटमळला किंवा बाहेर आला तर काम थांबवावे. बहुधा कारण साधे असते : हुडात मागे बाटल्यांचे गोदाम झालेले असते आणि ओढीची फट झाकली गेलेली असते. काम काचेपासून निदान सहा इंच आत करावे, हेही त्या उदबत्तीनेच कामगाराला पटते.

उदबत्ती दिशा दाखविते, वेग सांगत नाही. त्यासाठी अॅनेमोमीटर नावाचे हातात मावणारे साधन मिळते. ते प्रत्येक फार्मसीने घ्यावे अशी अपेक्षा नाही. आपल्या संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने एक घ्यावे, शाखेच्या कार्यवाहांकडे ठेवावे आणि सभासदांना चार-चार दिवसांसाठी वापरावयास द्यावे. वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याची माझी तयारी आहे. अनुमोदक हवे आहेत.